उन्हाळ्यात बैल खंगू नये म्हणून: कडबा, कोठीपोट आणि युरियाची प्रक्रिया

एप्रिल लागला की सकाळी गोठ्यात गेल्यावर आधी बैलाकडे बघू नका, शेणाकडे बघा. दिवाळीनंतर बांधावर हिरवं असताना पडलेला पो पसरट, मऊ आणि मधे थोडा खोलगट असतो. महिनाभर निव्वळ कडब्यावर काढला की तोच पो उंच होतो, थरावर थर चढतात, वरून काळपट दिसतो आणि पायानं दाबला तर फुटतो. त्यातलं ओंजळभर शेण रव्याच्या जुन्या चाळणीत घ्या आणि बादलीतल्या पाण्यात हलवत धुवा. पाणी नितळ यायला लागलं की चाळणीत काय उरलं ते हातावर घेऊन बघा. बोटाच्या पेराएवढ्या काड्याच काड्या दिसल्या, तर कडबा जसा गेला तसाच बाहेर आलाय. त्या कडब्याचे पैसे तुम्ही मोजले, बैलाच्या अंगी मात्र काही लागलं नाही.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात लाल कंधारी जनावरं सांभाळतो. दोन बैल, तीन गायी आणि त्यांची वासरं-कालवडी. उन्हाळ्यात बैल खंगतो, मृगाला औताला जुंपला की आठ दिवसांत बसतो, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. 'चारा कमी पडला' एवढंच कारण सगळे सांगायचे. पण गंज भरलेली असतानाही बैल खंगायचे. ते का, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून जे समजलं आणि करून पाहिलं, ते क्रमानं लिहितो.

पोटात काय चालतं

बैलाच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट, ज्याला डॉक्टर रुमेन म्हणतात. पोटाची डावी बाजू जवळपास सगळी त्यानंच व्यापलेली असते. तिथे बैलाचा स्वतःचा एकही पाचकरस नसतो. तिथे असतात कोट्यवधी जिवाणू, एकपेशीय जीव आणि बुरशी. कडब्यातला तंतुमय भाग बैल स्वतः पचवू शकत नाही, हे जीव पचवतात. त्यातून आम्लं तयार होतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात आणि बैलाला लागणारी बहुतेक ऊर्जा त्यातूनच येते. पुढे हेच जिवाणू चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात जातात आणि तिथे स्वतःच पचतात. कडब्यावरच्या बैलाला मिळणारी प्रथिनं मुख्यतः या जिवाणूंच्या शरीरातून येतात.

म्हणजे गव्हाणीत आपण जे टाकतो ते आधी या जिवाणूंचं जेवण असतं. जिवाणूंना वाढायला नत्र लागतं, आणि चाऱ्यातलं नत्र मुख्यतः प्रथिनांत असतं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं असतात साधारण ३ ते ४ टक्के. एकूण खाण्यातली प्रथिनं ७ टक्क्यांच्या आसपास असली तर जिवाणूंचं काम नीट चालतं, त्याखाली गेली की मंदावतं. कडबा कोठीपोटात तसाच पडून राहतो, लवकर फुटत नाही आणि पुढे सरकत नाही. आत जागाच नाही म्हटल्यावर बैल तोंड फिरवतो. डावी कूस भरलेली दिसते, माणूस म्हणतो पोटभर खाल्लं, आणि बैल आतून उपाशी असतो.

हे नुसत्या तर्कानं ठरलेलं नाही. पशुपोषणाच्या प्रयोगशाळांत बैलाच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून रबरी झाकणाची एक खिडकी बसवतात. बैल वर्षानुवर्षं तसाच जगतो, खातो, रवंथ करतो. बारीक छिद्रांच्या नायलॉनच्या पिशवीत मोजून चारा भरतात, पिशवी त्या खिडकीतून आत सोडतात आणि २४ किंवा ४८ तासांनी बाहेर काढून, धुऊन, वाळवून वजन करतात. जेवढं वजन घटलं तेवढा चारा पचला. कुठला चारा किती वेळात फुटतो, नत्र दिल्यावर काय फरक पडतो, हे या पद्धतीनं डोळ्यांदेखत मोजता येतं.

जगात अशा संशोधनाचा मोठा भाग मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांवर झाला. आपल्या राज्यात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या हत्येवरही बंदी आहे, तेव्हा तो व्यवसाय आपला नाही. पण ते संशोधन आपल्या फार कामाचं आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या माळरानावर अशी जनावरं मोठ्या संख्येनं आहेत, आणि तिथे वर्षातले सहा-सात महिने पाऊस नसतो. गवत वाळून काडी होतं आणि जनावरं आपल्यासारखीच खंगतात. त्यांच्यात ब्राह्मन जातीचं रक्त भरपूर आहे, आणि ती जात अमेरिकेत आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल यांच्यापासून तयार झाली. तेव्हा पोट आपलंच, दुष्काळही आपल्यासारखाच. त्यांनी उपाय काढला तो जिवाणूंना स्वस्तात नत्र पुरवण्याचा, चाटणातून युरिया देऊन. तिथल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातले शास्त्रज्ञ रॉन लेंग यांनी १९८० च्या दशकात आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाबरोबर याच विषयावर काम केलं. आज बाजारात मिळणाऱ्या युरिया-मळीच्या चाटण विटांमागे ते काम आहे.

आधी वजन, मग चारा

कडबा आपण शेकड्यानं घेतो आणि पेंढीनं टाकतो. बैलाला मात्र किलोचा हिशोब लागतो. मालदांडी ज्वारीची पेंढी आणि हायब्रीड ज्वारीची पेंढी यांत फरक, बांधणाऱ्याच्या हातातही फरक. त्यामुळे तुमच्या गंजीतल्या दहा पेंढ्या एकदा काट्यावर ठेवून सरासरी काढा.

बैलाचं वजन टेपनं काढता येतं. बैल सपाट जागी सरळ उभा करा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. टेप घट्ट नको, ढिली नको. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बाजूला शेपटीखालच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे वजन किलोत. माझ्या उजव्या बाजूच्या बैलाचा घेर ६८ इंच, लांबी ५६ इंच. ६८ गुणिले ६८ म्हणजे ४,६२४. त्याला ५६ नं गुणून ६६० नं भागलं की ३९२ किलो येतात. दहा-पंधरा किलो इकडेतिकडे होईल, पण दर वेळी त्याच पद्धतीनं घेतलं तर बैल घटतोय की भरतोय हे नक्की कळतं.

कामाविना उभ्या बैलाला वजनाच्या २ ते २.२५ टक्के कोरडा चारा लागतो. माझ्या बैलाला आठ-साडेआठ किलो धरा. आता प्रथिनांचा हिशोब करू. ७ किलो कडब्यातून मिळतात साधारण २४५ ग्रॅम. किलोभर सरकी पेंड दिली तर आणखी २२० ग्रॅम. एकूण ४६५ ग्रॅम, खाणं ८ किलो, म्हणजे पावणेसहा-सहा टक्के. किलोभर पेंड घालूनही ७ टक्के गाठले जात नाहीत. हिरवा चारा असता तर प्रश्नच नव्हता. लसूणघास चार-पाच किलो जरी मिळाला तरी पारडं फिरतं. पण आमच्या गावात मार्चनंतर विहिरीला पिण्यापुरतं पाणी राहतं, त्याच्यावर लसूणघास कुठून पिकवायचा? म्हणून कडब्यालाच सुधारावं लागतं.

युरियाची प्रक्रिया, पायरी पायरीनं

तत्त्व सोपं आहे. ओल्या कडब्यात युरिया मुरला की त्याचा अमोनिया होतो. बंद ढिगात हा अमोनिया काडीत शिरतो, तंतूंची लिग्निनशी, म्हणजे काडीला टणक करणाऱ्या घटकाशी, असलेली घट्ट बांधणी सैल करतो आणि थोडा तिथेच राहून नत्र वाढवतो. ३-४ टक्के प्रथिनांचा कडबा ७ टक्क्यांच्या आसपास जातो, मऊ पडतो आणि बैल तो जास्त खातो.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: १०० किलो कोरड्या कुट्टीला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. युरिया चारच किलो, त्याहून जास्त अजिबात नको. जास्त घातला तर पचन वाढत नाही, धोका तेवढा वाढतो. सरकारी दरानं ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे चार किलोचे चोवीस रुपयेही होत नाहीत.

कडब्याची आधी कुट्टी करा, इंच-दीड इंच. कडबा खडखडीत वाळलेला हवा. पावसात भिजलेला किंवा बुरशीचा घेऊ नका. गव्हाच्या भुशालाही ही प्रक्रिया चांगली लागू पडते. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या गुळीला करू नका. द्विदल पिकांच्या भुसकटावर तिचा फारसा परिणाम होत नाही, आणि गुळी तशीच कडब्यात मिसळून देता येते.

जागा सावलीची, उंचवट्याची निवडा. मी गोठ्यामागच्या भिंतीचा कोपरा वापरतो, दोन बाजू आयत्याच मिळतात. खाली ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरा आणि कडा भिंतीवर चढवा.

आता द्रावण. इथेच बहुतेकांची चूक होते. सगळा युरिया एका पिंपात कालवून ठेवतात आणि मग अंदाजानं शिंपडतात. तसं न करता थराथराचा हिशोब ठेवा. २५ किलो कुट्टी काट्यावर मोजून कोपऱ्यात वीतभर जाडीनं पसरा. एका बादलीत साडेबारा लिटर पाणी घ्या, त्यात एक किलो युरिया टाका आणि काठीनं ढवळा. युरिया विरघळताना पाणी गार पडतं, बादलीला बाहेरून हात लावला तर कळतं. तळाशी एकही दाणा उरता कामा नये, कारण तो दाणा जसाच्या तसा बैलाच्या पोटात गेला तर घात करतो. मग रोपांना पाणी घालायच्या झारीनं हे द्रावण थरावर सगळीकडे सारखं शिंपडा. खालीवर करायला एक जण दाताळं घेऊन सोबत हवा. मूठभर कुट्टी घट्ट दाबा: हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. नंतर पायानं तुडवा, मधून कडेला, कडेवरून मधे. हवा जितकी निघेल तितकी बुरशी कमी. त्यावर दुसरे २५ किलो, दुसरी बादली. असे चार थर झाले की एक क्विंटल होतो.

वरून प्लास्टिक झाका, कडा दुमडून त्यावर माती टाका आणि ढिगावर दगड, जुनी टायरं ठेवा. कुठे छिद्र असेल तर चिकटपट्टी लावा. अमोनिया निसटला की सगळी मेहनत वाया जाते. मग २१ दिवस हात लावायचा नाही. कडक उन्हाळ्यात पंधरा दिवसांतही होतं, पण मी तीन आठवडे थांबतो.

ढीग उघडताना तोंड बाजूला ठेवा आणि नाकाला उपरणं बांधा. डोळ्यांत पाणी आणणारा झणझणीत वास आला म्हणजे काम झालं. पांढुरका कडबा बदामी-तपकिरी झालेला दिसेल आणि काडी बोटात वळवली तर कडकन मोडणार नाही. वासच नसेल तर हवा शिरलेली आहे. जिथे पांढरी-काळी बुरशी दिसेल तेवढा भाग उकिरड्यावर टाका, शेळ्यांपुढेही नको. रोज एका बाजूनं लागेल तेवढंच काढा, तासभर सावलीत पसरून वास उडू द्या आणि मग गव्हाणीत टाका.

पहिले तीन दिवस पाव भाग प्रक्रियेचा आणि पाऊण भाग साधा कडबा, पुढचे तीन दिवस अर्धा-अर्धा, मग पूर्ण. पहिल्या दिवशी बैल हुंगून बाजूला होतो, त्याला घाबरू नका. थोडं मिठाचं पाणी शिंपडा. माझे बैल चौथ्या दिवशी गव्हाण चाटायला लागले.

दोन बैलांना रोज १५ किलो लागतात, २१ दिवसांना ३१५. म्हणून मी बारा-तेरा थरांचे दोन ढीग करतो. एक खायला उघडला त्याच दिवशी दुसरा झाकतो. एक संपतो तेव्हा दुसरा तयार.

सहा महिन्यांखालच्या वासरांना हा कडबा देऊ नका, त्यांचं कोठीपोट अजून पुरतं तयार झालेलं नसतं. घोडा, गाढव यांनाही नाही. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या, आजारी जनावराला नाही. आणि आमच्या लातूर-नांदेड पट्ट्यासाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना म्हणजे युरियाच्या कुठल्याही खाद्याबरोबर कच्चं सोयाबीन देऊ नका, भरडाही नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाचा अमोनिया झपाट्यानं करतं. भाजलेलं सोयाबीन किंवा तेल काढलेली, शेकलेली पेंड चालते.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी शेवटच्या थराला अर्धी बादली द्रावण उरलं. ती बादली गोठ्याच्या दाराशी ठेवून मी जेवायला गेलो. चरून आलेली दीड वर्षाची कालवड तहानलेली होती. मी हात धुऊन आलो तेव्हा बादली कोरडी होती आणि कालवड मान ताठ करून उभी होती. अर्ध्या तासात कानाची पाळी थरथरायला लागली, मग खांद्याचे स्नायू. ती दात खात होती, तोंडाला फेस आला, पोट फुगलं. डॉक्टर यायच्या आत ती गेली. युरियाच्या विषबाधेत एवढाच वेळ मिळतो. डॉक्टर लवकर पोहोचले तर व्हिनेगर आणि भरपूर गार पाणी नळीनं पोटात सोडतात. आम्लानं अमोनिया बांधला जातो. त्या दिवसापासून मी बादलीत मोजूनच करतो आणि थर संपला की तिथेच बादली पालथी घालतो. युरियाची गोणीही गोठ्यात ठेवत नाही.

क्षार, मीठ, पाणी

प्रक्रियेनं नत्राची सोय झाली, पण स्फुरद, कॅल्शियम, तांबं, जस्त कडब्यात कमीच असतात. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ पेंडीत कालवून द्या. जनावर भिंत चाटतं, माती खातं, चिंध्या आणि हाडं चघळतं, तेव्हा बहुतेक वेळा स्फुरद कमी पडलेलं असतं किंवा जंत झालेले असतात. माळावर पडलेली हाडं जनावर चघळू लागलं तर लगेच उचलून पुरा. मेलेल्या जनावराच्या हाडांतून बोटुलिझमची विषबाधा होते आणि पाय लुळे पडून जनावर दगावतं.

उन्हाळ्यात कोरड्या चाऱ्यावरच्या बैलाला दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागतं, कामावर त्याहून जास्त. टँकरच्या दिवसांत पाण्यात हात आखडतो, पण पाणी कमी पडलं तर चारा तिसऱ्या कप्प्यात वाळून अडकतो. दोन वेळांऐवजी तीन वेळा दाखवा.

बदल सावकाश

जिवाणूंच्या जाती चाऱ्याप्रमाणे ठरतात. कडबा फोडणारे वेगळे, दाणे फोडणारे वेगळे. एकाची वस्ती घटून दुसऱ्याची वाढायला दिवस लागतात. परदेशात मांसाची जनावरं कुरणातून आणून दाण्यावर नेताना साधारण तीन आठवडे लावतात, टप्प्याटप्प्यानं. घाई केली की काय होतं ते तिथल्या कत्तलखान्यांत दिसतं, जनावरांच्या यकृतात पुवाचे गळू सापडतात.

आपल्याकडे हा अपघात लग्नसराईत होतो. उरलेला भात, पोळ्या, बुंदी टोपल्यानं जनावरापुढे टाकतात. अन्न वाया जाऊ नये हा त्यामागचा भाव चांगला असतो, पण त्यानं जनावर मरतं. शिजलेला स्टार्च कोठीपोटात झपाट्यानं लॅक्टिक आम्ल बनतो. एरवी ६ ते ७ असणारा सामू (पीएच) ५ च्या खाली उतरतो, म्हणजे पोट फार आंबट होतं. चांगले जिवाणू मरतात, कोठीपोट हलायचं थांबतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. बारा-चोवीस तासांत जनावर सुस्त होतं, रवंथ बंद होतो, आंबट वासाचं पातळ शेण पडतं, डोळे खोल जातात. मळणीच्या वेळी ज्वारीच्या राशीवर सुटलेल्या बैलाचंही हेच होतं.

जास्त खाल्लेलं लक्षात येताच, लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तोपर्यंत १०० ते १५० ग्रॅम खायचा सोडा दोन लिटर पाण्यात विरघळवून पाजता येतो. पाजताना तोंड फार वर करू नका, जीभ ओढू नका, घोट घोट पाजा. औषध श्वासनळीत गेलं तर दुसराच आजार मागे लागतो. बरं झाल्यावर भूक परत येत नसेल तर डॉक्टर निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं पाणी काढून याला पाजतात. म्हणजे जिवाणूंचं विरजण लावतात.

भरडा वाढवायचा असेल तर दर दोन-तीन दिवसांनी पाव किलोनं वाढवा. आणि रोज एक तपासणी करा. बैल उभा असताना डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरा. आत कोठीपोट लाटेसारखं उचलतं आणि मूठ बाहेर ढकलतं. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा ढकललं तर ठीक. दुपारी सावलीत बसलेल्या बैलाचा रवंथ मोजा. एका घासाला पन्नासच्या आसपास चावे हवेत. तीस-पस्तीसवर आले तर त्याच दिवशी खाणं तपासा.

वाढं, सुबाभूळ आणि पोंगे

२०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात आपल्या कितीतरी जनावरांनी चारा छावणीत उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, दिवस काढले. वाढ्यानं पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की हाडं ठिसूळ होतात, गायी वेळेवर गाभण राहत नाहीत. वाढ्याची कुट्टी करा. बादलीभर पाण्यात मूठभर चुना रात्री भिजवून सकाळी वरची निवळी त्यावर शिंपडा, क्षार मिश्रण चुकवू नका आणि सोबत थोडा कडबा ठेवाच.

सुबाभळीचा पाला प्रथिनांनी भरलेला आहे आणि बांधावर फुकट मिळतो. पण त्यात मिमोसिन नावाचं विष असतं, जास्त दिवस जास्त खाल्लं की केस गळतात, गळ्याची गाठ वाढते. ऑस्ट्रेलियात या विषानं जनावरं आजारी पडायची, हवाई बेटांवर मात्र शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं शोध घेतला तेव्हा शेळ्यांच्या कोठीपोटात हे विष फोडणारा जिवाणू निघाला. तो जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि तिथलाही त्रास थांबला. आपल्याकडच्या नियमानं पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवा, सवय हळूहळू लावा आणि गाभण गायींना त्याहूनही कमी द्या.

पोंग्यांचा, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांचा, धोका सगळ्यात वेगवान. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पावसानं ताण दिल्यावर सुकलेल्या किंवा कापलेल्या खोडाला फुटलेल्या फुटव्यांत, सायनाइड तयार होतं. उपाशी जनावर त्यात शिरलं तर काही मिनिटांत धाप लागते, डोळ्यांच्या कडा लालभडक होतात आणि ते कोसळतं. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात, पण ते वेळेत पोहोचले तरच उपयोग. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी चारू नका. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका राहत नाही.

पावसाळ्यापूर्वी

मेअखेरीस घटसर्प आणि फऱ्याची लस, लाळ-खुरकतीची लस तुमच्या दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि शेण तपासून जंताचं औषध. कुट्टीच्या गंजीतून तारेचे तुकडे आणि खिळे चुंबक फिरवून काढा. गिळलेली तार दुसऱ्या कप्प्यात बसते, आणि तो कप्पा हृदयापासून अगदी जवळ असतो. कोवळं ओलं गवत आणि दव असलेला लसूणघास यांनी फेसाळ पोटफुगी होते. म्हणून पहिल्या पावसानंतर माळावर सोडण्याआधी सकाळी दोन-तीन किलो कोरडा कडबा खाऊ घाला.

चाऱ्याचा नमुना तपासून घ्यायचा असेल किंवा आपल्या जनावरांचा ठरावीक आहार बसवून घ्यायचा असेल, तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या पशुपोषण विभागात विचारा. जाताना टेपनं घेतलेलं वजन आणि रोजच्या चाऱ्याचे किलो लिहून न्या, म्हणजे त्यांना नेमकं सांगता येतं.

माझ्या गोठ्याच्या भिंतीवर खडूनं दोन रकाने आखलेले आहेत, एक डाव्या बैलाचा, एक उजव्याचा. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी पाणी पाजण्याआधी, छातीचा घेर लिहायचा. गेल्या मार्चमध्ये उजव्याचा ६८ होता. मृगाच्या आदल्या दिवशी टेप लावली तेव्हा साडेसदुसष्ट भरला.